बिनपंपाची मत्स्यटाकी : गुरामी आणि कोळंबी



शहरातल्या एखाद्या दवाखान्यात काचेच्या पेटीतले रंगीत मासे पाहिले, की आपल्या घरीही अशी पेटी असावी असे मुलांना वाटते. सुट्टीत हट्ट होतो, घरचे पेटी आणतात आणि तिच्याबरोबर हवेचा पंप व पाणी गाळण्याचे यंत्रही येते. मग एका रात्री वीज पाच-सहा तास जाते आणि सकाळी निम्मे मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. पैसे जातात, मुक्या जिवांचे हाल होतात आणि रिकामी पेटी माळ्यावर जाऊन पडते. असे अनेक घरांत होताना आम्ही पाहिले आहे. म्हणून आज पंपाशिवाय चालणाऱ्या टाकीची माहिती देत आहोत. तिच्यात माती, पाणवनस्पती, लहान गुरामी मासे आणि बारीक कोळंबी एवढेच असते. शेतकऱ्याला ती चटकन समजावी अशीच आहे, कारण तिचे शास्त्र शेताच्याच शास्त्रासारखे आहे.

सुरुवातीलाच एक सूत्र सांगून ठेवतो. गुरामी वरची हवा पिते, कोळंबी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगते. त्यामुळे पाणी बिघडले तरी मासा बराच काळ तग धरतो आणि आपली फसगत होते. मासा जिवंत आहे म्हणून पाणी चांगले आहे, असे कधी समजू नये. पाण्याची खरी बातमी कोळंबी देते. पुढचे सारे या एका सूत्रावरच उभे आहे.

हवा पिणारे मासे

मरळ मासा ओल्या पोत्यात तासन्तास जिवंत राहतो, हे बाजारात आपण पाहतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवून घेणारी जागा असते. गुरामी, पॅराडाइज मासा, झुंजीचा बेट्टा आणि अनॅबस या माशांतही अशीच सोय आहे. त्यांच्या पहिल्या कल्ल्याच्या हाडाला घड्या पडून एक नागमोडी अवयव बनलेला असतो आणि त्यावर रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मासा वर येऊन हवेचा घोट घेतो, ती या घड्यांत शिरते आणि तिच्यातला प्राणवायू रक्तात मिसळतो. या वळणावळणाच्या रचनेला शास्त्रज्ञ लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया म्हणतात, आणि त्यावरूनच या कुळाला लॅबिरिंथ मासे हे नाव पडले.

तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीतल्या डाल्डॉर्फ नावाच्या अधिकाऱ्याने १७९१ साली ताडाच्या खोडावर चढणारा अनॅबस पाहिल्याचे लिहून ठेवले. ती हकीकत लंडनच्या लिनियन सोसायटीने १७९७ साली छापली. हा मासा झाडावर चढतो की नाही यावर पुढे पुष्कळ वाद झाला, पण ओल्या जमिनीवरून एका डबक्यातून दुसऱ्यात तो सरकत जातो, याबद्दल दुमत नाही. घरात मासे पाळण्याच्या इतिहासातही या कुळाला मान आहे. १८६९ साली चीनमधला पॅराडाइज मासा पॅरिसला पोचला आणि प्येर कार्बोन्ये यांनी तिथे त्याची पैदास केली. विजेवरचे पंप तेव्हा कुठे होते? लांबचा समुद्रप्रवास आणि काचेच्या पेटीतले संथ पाणी सोसण्याची ताकद या माशांत होती, म्हणूनच ते साधले.

हवा पिणे ही या माशांची हौस नसून गरज आहे. पृष्ठभागावर येण्याची वाट बंद झाली, तर हे मासे चांगल्या पाण्यातही गुदमरतात. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. झाकण आणि पाणी यांत चार बोटे मोकळी जागा ठेवावी आणि तरंगत्या वनस्पतींनी सारा पृष्ठभाग झाकला जाऊ देऊ नये.

कोणता मासा, कोणती कोळंबी

गुरामी म्हणून दुकानात पुष्कळ जाती मिळतात. निळी किंवा तीन ठिपक्यांची गुरामी वीतभर वाढते आणि कोळंबी तिच्या तोंडचा घास होते. पॅराडाइज मासा भांडखोर असतो. बेट्ट्याचा स्वभाव सांगता येत नाही. एखादा कोळंबीकडे पाहतही नाही, तर दुसरा आठ दिवसांत टाकी साफ करतो. आमच्या मते या कामाला हनी गुरामी सर्वांत योग्य. हा मासा आपल्याच देशातला, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आहे. बंगालात त्याच्या भाईबंदांना खोलशे म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. लांबी ४ ते ५ सेंटिमीटर, तोंड लहान, स्वभाव भित्रा. विणीच्या दिवसांत नराचे अंग मधासारखे पिवळे-नारिंगी होते आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळसर निळी छटा येते. मादी फिकट असते व तिच्या अंगावर तपकिरी आडवी रेघ दिसते.

तिची बहीण ड्वार्फ गुरामी रंगाने जास्त भडक, म्हणून मुलांची नजर तिच्यावर जाते. पण व्यापारी पैदाशीच्या ड्वार्फ गुरामीत विषाणूचा एक रोग पसरलेला आहे व त्यावर औषध नाही. नवशिक्याने ती टाळावी हे बरे.

कोळंबी निवडताना जास्त जपावे. ओढ्यातून धरून आणलेली नांग्यांची कोळंबी या टाकीत कधीही टाकू नये. ती वाढत जाते आणि रात्री झोपलेल्या माशांचे पर व शेपट्या तोडते. आपल्याला हवी ती दुकानदार ‘चेरी श्रिंप’ म्हणतात ती तांबडी, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची कोळंबी. तिचे मूळ पूर्व आशियात, चीन आणि तैवानकडे. रानटी अवस्थेत ती मातकट रंगाची असते; लाल रंग निवड करून केलेल्या पैदाशीतून आला आहे. खाडीची मोठी कोळंबी आपल्या परिचयाची आहे. गोड्या पाण्यातल्या टपोऱ्या कोळंबीलाही पिलांच्या वाढीसाठी निमखारे पाणी लागते. चेरीचे तसे नाही. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली तीन-चार आठवडे वागवते आणि त्यांतून थेट आईसारखीच दिसणारी, दोन मिलिमीटरची पिले बाहेर पडतात. म्हणून घरच्या टाकीतच तिचा वंश वाढतो. एकीचे आयुष्य एक-दीड वर्षाचे, फार तर दोन. पण पिले जगत राहिली तर टाकी रिकामी पडत नाही.

पेटी, माती आणि पाणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची पेटी घ्यावी. माती, दगड वजा जाता तिच्यात सुमारे ४० लिटर पाणी राहते. भरलेल्या पेटीचे वजन साठ किलोच्या वर जाते, तेव्हा ती डुगडुगत्या टेबलावर ठेवू नये. याहून लहान बरणीत किंवा गोल भांड्यात मासे ठेवण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही. पाणी थोडे असले की ते लवकर तापते व लवकर नासते.

तळाला एक इंच मातीचा थर द्यावा. बांधावरची, युरिया किंवा औषध न लागलेली पोयट्याची माती चाळून घ्यावी. शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत मुळीच मिसळू नये. शेताला जे पोषक तेच इथे पाणी कुजवते. नुसती काळी चिकणमाती असेल तर तिच्यात निम्मी नदीची वाळू मिसळावी. मातीवर एक इंच जाडसर, धुतलेल्या वाळूचा थर घालावा, म्हणजे गढूळपणा वर येत नाही. मातीचा थर याहून जाड केला तर खाली हवा पोचत नाही आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. तसा वास आला तर विणकामाच्या सुईने तळ हलकेच टोचून घ्यावा. मातीवर चालणारी ही पद्धत अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे जगभर पसरली.

पाण्याविषयी आपापल्या भागाचा विचार करावा लागतो. गोव्यातल्या आणि खानापुराकडच्या जांभ्या मातीतल्या विहिरींचे पाणी मऊ व किंचित आम्ल असते. तिथे साबणाला भरपूर फेस येतो. काळ्या मातीच्या मुलखातले, तसेच पुष्कळ कूपनलिकांचे पाणी जड असते. फेस येत नाही आणि भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. गुरामी दोन्ही सोसते. कोळंबीला मात्र कवच घडवण्यासाठी पाण्यात चुना लागतो. ती वाढताना वरचेवर कात टाकते आणि चुना कमी पडला तर कात अर्धवट अडकून मरते. म्हणून मऊ पाणी असलेल्यांनी तिसऱ्यांच्या मूठभर शिंपा धुऊन, उकळून टाकीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. त्या हळूहळू विरघळत राहतात. जड पाणी असलेल्यांना याची गरज नाही. उलट उन्हाळ्यात आटलेले पाणी भरून काढताना साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी वापरावे, म्हणजे क्षार साचत नाहीत.

नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते, तेव्हा काही दिवस त्या विहिरीचे पाणी टाकीत घालू नये. आणि एक गोष्ट गृहिणींनी अवश्य ध्यानात ठेवावी : तांब्याच्या हंड्यातले किंवा घागरीतले पाणी टाकीत ओतू नये. त्याचे कारण पुढे येईल.

वनस्पती हेच यंत्र

पंप आणि गाळणी यांचे काम इथे वनस्पती व मातीतले जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. वनस्पती अमोनिया थेट उचलतात आणि त्यावर वाढतात. युरिया दिल्यावर पीक कसे हिरवेगार होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. टाकीत मासा हाच युरियाची गोणी आहे! मात्र गोण्या जास्त आणि पीक थोडे असे झाले की पीक जळते. तसेच मासे जास्त आणि वनस्पती थोड्या झाल्या की टाकी मरते.

म्हणून पहिल्याच दिवशी दाट लागवड करावी. लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया मागच्या बाजूस, हायड्रिला मध्ये आणि जावा मॉस नावाचे शेवाळासारखे हरिता दगडांवर दोऱ्याने बांधून पुढे लावावे. हायड्रिला तळ्यांत आपसूक उगवते, पण तळ्यातून आणल्यास नीट धुऊन, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून मगच लावावी; तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात व त्या पिलांना खातात. वर थोडी तरंगती वनस्पती असावी. तिची मुळे पाण्यातली घाण झपाट्याने शोषतात आणि गुरामीला सावली मिळते. तिने निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की वरचेवर काढावी.

पूर्वेच्या खिडकीजवळ सकाळचे एक-दोन तास कोवळे ऊन मिळाले तर उत्तम. दुपारचे ऊन नको. पाणी तापते आणि हिरवे होते. खोली अंधारी असेल तर साधा एलईडी दिवा दिवसाला आठ तास पुरतो. ग्वाल्हेर, इंदूरकडच्या वाचकांनी टाकी घराच्या आतल्या खोलीत ठेवावी. २२ ते २८ अंश सेल्सिअस ही दोन्ही जिवांना मानवणारी पट्टी आहे. पाणी तीस अंशांच्या वर गेले की कोळंबीला त्रास सुरू होतो. कारण साधे आहे : २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. उन्हाळ्यात पेटीभोवती ओले फडके गुंडाळावे, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा आणि आटलेले पाणी रोज भरावे.

घाई नको

पेरणी केली की दुसऱ्या दिवशी कापणी होत नाही. माती व वनस्पती लावल्यावर चार आठवडे टाकी तशीच ठेवावी. पहिल्या आठवड्यात मातीतून पुष्कळ अमोनिया सुटतो, तेव्हा एक-दोनदा निम्मे पाणी बदलावे. वनस्पतींना नवी पाने फुटली, काचेवर हलका हिरवा लेप आला, म्हणजे पहिला पाहुणा आणण्यास हरकत नाही. हा पाहुणा मासा नव्हे, कोळंबी. दहा-बारा कोळंब्या आणाव्यात. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग दर पाच-सात मिनिटांनी टाकीतले अर्धा कप पाणी पिशवीत घालीत तासभर वाट पाहावी. नंतर जाळीने कोळंब्या उचलून सोडाव्यात व दुकानाचे पाणी फेकून द्यावे.

दोन-तीन महिन्यांत हरित्यात पिले दिसू लागली, की एक नर व दोन माद्या असे तीन हनी गुरामी सोडावेत. चाळीस लिटरांना एवढे पुरेत. हा क्रम उलटा करू नये. मासे आधी असले तर ते सारी टाकी आपली समजतात आणि नव्या कोळंब्यांना लपायला सवड देत नाहीत. गुरामी मोठ्या कोळंबीला इजा करीत नाही, पण दोन मिलिमीटरचे पिलू समोर आले तर ते खाणारच. त्यात तिचा दोष नाही. आपले काम एवढेच, की पिलांना आसरा द्यावा : हरित्याचे दाट पुंजके, एकावर एक रचलेले दगड आणि देशी बदामाचे आपोआप गळलेले, वाळलेले एखादे पान. हे पान कुजत जाते तसतसा त्यावर जो लेप येतो, तो कोळंबीचे आवडते खाणे.

पाणी संथ असल्याचा आणखी एक लाभ दिसेल. नर तरंगत्या पानांत तोंडाने फुगे सोडून फेसाचे घरटे बांधतो आणि त्यात अंडी राखतो. पंपाच्या खळबळीत ते घरटे मोडून जाते. बाप पिलांची राखण करतो हे पाहून मुलांना मोठे नवल वाटते. त्या वेळी तो माद्यांना हाकलतो, म्हणून त्यांनाही आडोसा हवा.

खाऊ घालण्यात संयम

टाक्या उपासाने फारशा मरत नाहीत, लाडाने मरतात. पाहुणा आला, घाला चिमूट. मूल रडले, घाला चिमूट. अशाने पाणी नासते. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते असे समजून दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच बारीक केलेला खाऊ द्यावा. आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये. भात, चपाती, बिस्किटे घालू नयेत. डासांच्या अळ्या गुरामीला अतिशय आवडतात. घराभोवतीच्या एखाद्या भांड्यात त्या आढळल्या तर गाळून, धुऊन द्याव्यात व ते भांडे लगेच पालथे करावे. खाऊसाठी म्हणून मुद्दाम पाणी साठवून ठेवणे धोक्याचे, कारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. कोळंबीला आठवड्यातून एकदा उकडलेल्या पालकाचा किंवा दुधी भोपळ्याचा नखाएवढा तुकडा पुरतो. ती भाजी फवारणीची नसावी. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.

दर दोन-तीन आठवड्यांनी पाव टाकी पाणी हळूहळू बदलावे. नळीला तोंड लावून पाणी ओढू नये. काढलेले पाणी परसातल्या भाजीला घालावे. त्यात खत आहेच.

पहाटेची पाहणी

वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्याही तो घेतात. म्हणून टाकीत प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. पाहणी करायची ती याच वेळी. कोळंब्या तळाशी, पानांवर निवांत चरत असतील तर सर्व ठीक. त्या साऱ्या पृष्ठभागाजवळ गोळा झाल्या असतील किंवा काचेवरून वर सरकू पाहत असतील, तर पाण्यात काही बिघाड आहे असे निश्चित समजावे. त्या वेळी गुरामी आरामात फिरताना दिसेल, कारण ती वरची हवा पिते आहे. तिच्याकडे पाहून निश्चिंत होऊ नये. पाव टाकी पाणी बदलावे, दोन दिवस खाऊ बंद करावा, मेलेला मासा, गोगलगाय किंवा कुजलेली पाने कुठे आहेत का ते शोधावे.

पांढरे, पारदर्शक, पोकळ कवच दिसले तर घाबरू नये. ती टाकलेली कात आहे. ती तशीच राहू द्यावी, कोळंब्या ती खाऊन चुना परत मिळवतात. मेलेली कोळंबी मात्र गुलाबट व अपारदर्शक होते. ती लगेच काढावी.

फवारणी आणि मोरचूद

आता शेतकरी घरासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आम्ही पाहिलेल्या टाक्यांतल्या कोळंब्या रोगाने कमी आणि घरातल्या विषाने जास्त मेल्या आहेत. कीटकनाशक हे किड्यांसाठी बनवलेले असते आणि कोळंबी ही किड्यांचीच लांबची नातलग आहे. किड्याला मारणारे बहुतेक औषध तिलाही मारते. पंप मारून आलेल्या हातांनी टाकीतले पान सरळ केले, फवारणीचे मोजमाप ज्या मगाने केले त्यानेच पाणी घातले, डास मारण्याचा फवारा खोलीत मारला, एवढेही पुरते. खोलीत असे काही वापरावेच लागले तर टाकी ओल्या जाड कापडाने झाकावी आणि नंतर खिडक्या उघडून खोली हवेशीर करावी.

दुसरे विष तांबे. द्राक्षाच्या रोगावर फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली आणि आजही सुपारीच्या कोळेरोगावर आपण तेच वापरतो. हिशेब पाहा. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवले, तर त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरात सुमारे ५ मिलिग्रॅम तांबे असते. एवढा एकच मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब, ४० लिटरांच्या टाकीत पडला तर दर लिटरला सुमारे ०.१२ मिलिग्रॅम तांबे होते. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या पिण्याच्या पाण्यात २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते असे ठरवले आहे. आपल्याला जे कळणारही नाही, ते कोळंबीच्या मुळावर येऊ शकते. तांब्याच्या हंड्यातले पाणी नको म्हटले ते याचसाठी. माशांच्या रोगांवरील कित्येक बाटल्यांतही तांबे असते. कोळंबी असलेल्या टाकीत त्या ओतू नयेत. आजारी मासा वेगळ्या बादलीत ठेवून उपचार करावा.

इथे कोणी उलटा अर्थ काढू नये. टाकीतली कोळंबी जगली म्हणजे विहिरीचे पाणी पिण्यास योग्य झाले असे नाही. हगवणीचे व काविळीचे जंतू कोळंबीला बाधत नाहीत. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच व्हावी. पण फवारणीनंतरच्या आठवड्यात विहिरीचे पाणी घातले आणि कोळंब्या पटापट मेल्या, तर त्याकडे दुर्लक्षही करू नये. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुतला जातो का, औषधाचे रिकामे डबे कुठे पडतात, हे त्याच दिवशी पाहावे. त्याच विहिरीचे पाणी आपली मुलेबाळे पितात.

आरोग्याच्या दोन गोष्टी

मासे असलेल्या टाकीत डासांच्या अळ्या टिकत नाहीत. परंतु तिच्याशेजारी झाकण न घातलेले पिंप, कुंडीखालची बशी किंवा जुना टायर असला तर डेंग्यूचा डास तिथे वाढतो. टाकी आणली म्हणून ही दक्षता सुटत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. माशांच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद कधी कधी असतो. हाताला जखम असताना पाण्यात हात घातला तर काही आठवड्यांनी तिथे न बरी होणारी गाठ किंवा फोड येतो. म्हणून जखम असेल तर टाकीचे काम दुसऱ्याकडे द्यावे व काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. मात्र टाकीत हात घालण्यापूर्वी साबणाचा अंशही हाताला राहू नये. असा फोड आलाच तर डॉक्टरांना घरी मत्स्यटाकी असल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे निदान लवकर होते.

ओढ्यात सोडू नका

टाकी चांगली चालली की कोळंब्या व वनस्पती वाढतात. जास्तीचे शेजाऱ्यांना, शाळेला द्यावे; पण विहिरीत, तळ्यात, ओढ्यात सोडू नये. डासांच्या नायनाटासाठी १९२८ साली इटलीतून भारतात आणलेल्या गॅम्बुसिया माशाने डासांबरोबर स्थानिक माशांची पिले व बेडकांची अंडीही खाल्ली. जलपर्णीने तळी कशी गिळली हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. चेरी कोळंबी परदेशी आहे. हनी गुरामी देशी असली तरी आपल्या पश्चिमेकडच्या नद्यांतली नव्हे. छाटलेल्या पाणवनस्पती उन्हात वाळवून खतखड्ड्यात टाकाव्यात.

अशा टाकीला वीज लागत नाही, महागडी अवजारे लागत नाहीत. लागते ती नजर आणि थोडा धीर. हे दोन्ही शेतकऱ्याच्या घरात असते. मुलांना टाकी देताना त्यांच्याकडे हेच काम सोपवावे : रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी कोळंब्या कुठे आहेत ते पाहायचे आणि काही वेगळे दिसले तर घरात सांगायचे. पाण्याकडे लक्ष ठेवण्याची सवय लहानपणी लागली, तर ती पुढे विहिरीच्या काठावरही उपयोगी पडेल.